दीड पेनीचा ब्लाउज : चार्ली चॅप्लिनच्या आईविषयी वाचकांचे प्रश्न

चार्ली चॅप्लिनच्या बालपणावरचा लेख आम्ही छापला, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली बहुतेक चार्लीबद्दल नव्हती, त्याच्या आईबद्दल होती. म्हणून हा महिना हॅनाचा.

आधी दोन गोष्टी सांगून ठेवतो. त्या काळी १ पौंड म्हणजे २० शिलिंग आणि १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स. खालचे सगळे हिशेब याच मापाने केले आहेत. दुसरं म्हणजे हॅनाची माहिती दोन ठिकाणांहून मिळते. एक म्हणजे चार्लीचं १९६४ साली आलेलं आत्मचरित्र आणि दुसरं, लंडनच्या वर्कहाउस (कमाई संपलेल्या गरिबांना ठेवायची घरं) व रुग्णालयांच्या नोंदवह्या. घरातल्या गोष्टी मुलालाच ठाऊक, पण तारखा नोंदवहीतल्याच धरायच्या. पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर लहानपण लिहिताना चार्लीकडून दोन-तीन वेळचे प्रसंग एकात एक मिसळले आहेत.

प्रश्न : चॅप्लिनची आई रस्त्यावर भीक मागायची असं लहानपणी वाचल्याचं आठवतं. खरं काय आहे? (एक वाचक, नाशिक)

तिने भीक मागितल्याची कुठेही नोंद नाही. ती गायिका होती. हॅना हिल, जन्म ६ ऑगस्ट १८६५, लंडनचा वॉलवर्थ भाग, वडील बूट शिवणारे कारागीर. रंगमंचावर तिचं नाव लिली हार्ली. म्युझिक हॉल हा तेव्हाच्या कष्टकरी लंडनचा करमणुकीचा मुख्य अड्डा. खाणं-पिणं चाललेलं, धूर भरलेला आणि मंचावर एकामागून एक गाणी, नकला, कसरती. त्यात ती थोडी गंभीर, थोडी विनोदी गाणी म्हणायची.

१६ मार्च १८८५ ला तिचा थोरला मुलगा सिडनी जन्मला. त्याच वर्षी २२ जूनला तिने चार्ल्स चॅप्लिन या गायकाशी लग्न केलं. धाकटा चार्ली १६ एप्रिल १८८९ चा. नवरा चांगल्या दिवसांत आठवड्याला ४० पौंड कमवायचा असं चार्ली लिहितो, पण दारूने तो हाताबाहेर गेला आणि १८९१ च्या सुमारास दोघं वेगळे झाले. ऑगस्ट १८९२ मध्ये लिओ ड्रायडन या गायकापासून हॅनाला तिसरा मुलगा झाला, व्हीलर. तो सहा महिन्यांचा असताना ड्रायडन त्याला उचलून घेऊन गेला. त्याच १८९३ साली हॅनाच्या आईला वेड्यांच्या इस्पितळात दाखल करावं लागलं. नवरा नाही, तान्हं मूल गेलं, माहेरचा आधारही संपला. हे सगळं जेमतेम दोन वर्षांतलं आहे.

आणि मग आवाज गेला. म्युझिक हॉलमध्ये ध्वनिक्षेपक नसायचा. वाद्यवृंदाच्या वर, बोलणाऱ्या-ओरडणाऱ्या गर्दीच्या वर गळ्याच्या जोरावरच पोचायचं. साध्या सर्दीने तिचा घसा बसायचा आणि आठवडे-आठवडे तसाच राहायचा. त्याला खरा उपाय म्हणजे विश्रांती, पण गायलं नाही तर पैसे नाहीत. म्हणून बसलेल्या घशावर ती गात राहिली, घसा आणखी बिघडला आणि ज्या गायिकेचा भरवसा नाही तिला पुढचं काम कोण देणार? ऑल्डरशॉटच्या सैनिकांच्या थिएटरात गाता गाता आवाज फुटला, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि व्यवस्थापकाने पाच वर्षांच्या चार्लीला तिच्या जागी मंचावर उभं केलं, हा प्रसंग बहुतेकांना माहीत असतो. चार्लीचा तो पहिला खेळ होता. हॅनाचा शेवटचा, असं चार्ली म्हणतो.

प्रश्न : मी घरी नगावर ब्लाउज शिवते. हॅनाही शिवायची असं तुमच्या लेखात होतं. तिला नगाला किती मिळायचं? त्यात घर चालायचं का? (एक वाचक, इचलकरंजी)

हा हिशेब तुम्हाला आमच्यापेक्षा लवकर कळेल. तिला डझनाला १ शिलिंग ६ पेन्स मिळायचे. १८ पेन्सला १२ ब्लाउज, म्हणजे नगाला दीड पेनी. कापड बेतून यायचं, जोडून शिवायचं काम तिचं. एक डझन शिवायला १२ तास लागायचे. तासाला एक ब्लाउज धरा, म्हणजे तासाची मजुरीही दीड पेनीच.

तिचा एका आठवड्याचा उच्चांक चार्लीच्या लक्षात राहिला होता : ५४ ब्लाउज. साडेचार डझन, त्याचे ६ शिलिंग ९ पेन्स. गुणाकार करून पाहा, रकमेत एका पेनीचाही फरक येत नाही. इतक्या वर्षांनी त्याला हा आकडा पाठ होता, यावरूनच त्या खोलीत तो किती वेळा मोजला गेला असेल हे कळतं.

५४ तास ऐकायला फार वाटत नाहीत. पण ते नुसते मशीनवरचे तास. माल आणायला जायचं, शिवून झाला की पोचवायला जायचं, तिथे तपासणी होईपर्यंत थांबायचं, याची मजुरी कोणी देत नव्हतं. अशा घरकामात दोरा आणि सुई बहुधा बाईच्या पदरची असायची. रात्री शिवायचं तर दिव्याचा खर्च वेगळा. त्यात ब्लाउजचा धंदा हंगामी, मंदी आली की मालच यायचा नाही. हे सगळं वजा केल्यावर दीड पेनीतलं हातात काय उरत असेल ते तुम्हीच सांगू शकाल.

मशीन हप्त्यावर घेतलेलं होतं. खरी गोम इथे आहे. मंदीत मजुरी थांबते पण हप्ता थांबत नाही. हप्ते थकले आणि मशीन परत नेलं. ज्या वस्तूवर कमाई तीच गेली.

शरीराचंही तेच झालं. हॅनाला अर्धशिशी होती. डोकं उठलं की तिला शिवण ठेवून अंधाऱ्या खोलीत पडावं लागायचं, डोळ्यांवर ओल्या चहापत्तीची पट्टी बांधून. जो दिवस पडून काढला त्या दिवसाचे १८ पेन्स गेले. २९ जून १८९५ ला ती लॅम्बेथच्या गरिबांच्या रुग्णालयात दाखल झाली आणि महिनाभर तिथेच राहिली. म्हणजे महिनाभर शून्य कमाई.

आता नवऱ्याची बाजू याच मापाने मोजू. त्याने आठवड्याला १० शिलिंग द्यायचे होते. १० शिलिंग म्हणजे १२० पेन्स, म्हणजे ८० ब्लाउज. तो पैसे द्यायचा थांबला तेव्हा हॅनाच्या डोक्यावर आठवड्याला ८० ब्लाउजचं काम वाढलं आणि तिचा उच्चांक होता ५४. त्यामुळे ‘तिला संसार जमला नाही’ असं कोणी म्हटलं की आम्हाला राग येतो. हा हिशेब कोणालाच जमला नसता.

प्रश्न : सिडनीचा एकच सूट ती दर सोमवारी गहाण ठेवायची, असं वाचलं. दर आठवड्याला गहाण ठेवून सोडवण्यात काय फायदा? व्याज जात नव्हतं का? (निवृत्त बँक कर्मचारी, कोल्हापूर)

जात होतं. आणि बँकेत काम केलेल्या माणसाला ते कसं जायचं हे पाहण्यासारखं आहे.

सिडनी तारवाला पोऱ्या होता. कामावर गणवेश, त्यामुळे स्वतःचे कपडे लागायचे ते फक्त सुटीच्या दिवशी. त्याच्यासाठी हॅनाने १८ शिलिंगांचा निळ्या सर्जचा सूट घेतला. ऐपतीबाहेरची खरेदी होती, त्याने आठवड्याच्या पैशांत खड्डा पडला. मग सोमवारी सिडनी गणवेश घालून कामावर गेला की सूट गहाणवटीच्या दुकानात जायचा, त्यावर ७ शिलिंग मिळायचे. शनिवारी सिडनीचा पगार आला की सूट सोडवायचा. वर्षभराहून जास्त हे चाललं.

१८७२ च्या कायद्याने गहाणाचे दर ठरवून दिले होते. दर २ शिलिंगांना महिन्याला अर्धी पेनी, २ शिलिंगांचा तुकडा असला तरी पूर्ण धरायचा आणि वर पावतीची अर्धी पेनी. ७ शिलिंगांचे चार भाग, त्यांचे २ पेन्स, पावतीसह अडीच पेन्स. पाचव्या दिवशी सोडवलं तरी व्याज पूर्ण महिन्याचं! दर सोमवारी नवं गहाण, म्हणजे दर सोमवारी नवा महिना. वर्षाचे ५२ आठवडे धरले तर १३० पेन्स, म्हणजे १० शिलिंग १० पेन्स. १८ शिलिंगांच्या सुटाच्या निम्म्याहून जास्त रक्कम नुसत्या व्याजात आणि पावत्यांत.

मग फायदा काय, तर मंगळवार ते शुक्रवार घरात भाकरी. ७ शिलिंग म्हणजे ८४ पेन्स, म्हणजे ५६ ब्लाउजची मजुरी. तिच्या उच्चांकापेक्षा दोन ब्लाउज जास्त! ही रक्कम सोमवारी सकाळी रोख हातात मिळत होती. तिच्यापुढे दुसरा सावकार नव्हता.

हा मार्ग कुठे अडला तेही सांगतो. कापड झिजलं. एका सोमवारी दुकानदाराने पँटमध्ये हात घालून विरलेली जागा दाखवली आणि यावर आता ७ शिलिंग मिळणार नाहीत म्हणाला. हॅना घरी येऊन रडली. सूट जुना झाला म्हणून तिला रडू आलं नव्हतं, पुढचा आठवडा कशावर काढायचा हे तिला कळेना.

प्रश्न : वर्कहाउस म्हणजे नेमकं काय? तुरुंग की धर्मशाळा? आणि आईपासून मुलं वेगळी का केली? (शिक्षिका, सातारा)

१८३४ च्या कायद्याने उभी राहिलेली ही व्यवस्था. कमावण्याचं साधन संपलं की स्थानिक पालकमंडळाच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. मंडळ जागा द्यायचं, अन्न द्यायचं, काम करून घ्यायचं. कुलूप लावलेलं नसायचं, सूचना देऊन बाहेर पडता यायचं. पण आत राहणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुराच्या जिण्यापेक्षाही नकोसं वाटावं, हे तत्त्व मुद्दाम पाळलं जायचं. नाहीतर लोक आत गर्दी करतील अशी भीती.

आत गेल्या गेल्या कपडे काढून घ्यायचे, वाफेच्या भट्टीत घालून गाठोडं बांधून ठेवायचे. आंघोळ आणि संस्थेचा गणवेश. पुरुष एका भागात, बायका दुसऱ्या, मुलं तिसऱ्या. नवरा-बायकोची, आई-मुलांची ताटातूट हा नियमच होता. मुलांना काही दिवसांत दूरच्या शाळेत पाठवायचे. १८ जून १८९६ ला चार्ली आणि सिडनीची हॅनवेलच्या मोठ्या शाळेत रवानगी झाली. सिडनी त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘एक्समथ’ या प्रशिक्षण जहाजावर गेला. चार्ली जानेवारी १८९८ पर्यंत हॅनवेललाच होता, म्हणजे सातव्या वर्षापासून दीड वर्ष. तिथे त्याच्या डोक्याला नायटा झाला. गोटा करून त्यावर आयोडीन फासलेलं. आई भेटायला आली तेव्हा तो लाजून चूर. ती हसली आणि तिने त्याला तसाच जवळ ओढला.

वर्कहाउसमध्ये भेटीच्या दिवशी आई पहिल्यांदा गणवेशात समोर आली तेव्हा मुलांना धक्काच बसला, इतकी ती काही दिवसांत थकली होती. तिच्या हातात खोबऱ्याच्या वड्यांची पुडी होती. तिथल्या एका नर्ससाठी तिने लेसच्या बाह्यापट्ट्या विणून दिल्या होत्या, त्या पैशांतून घेतलेली.

आता १२ ऑगस्ट १८९८ चा दिवस. नियम असा, की कुटुंब आत येतं एकत्र आणि बाहेर पडतं तेही एकत्र. आई बाहेर जाणार असेल तर मुलं मागे ठेवता येत नाहीत, कारण त्यांचा बोजा मंडळाने का उचलायचा? हा नियम मंडळाने पैसे वाचवायला केला होता. हॅनाने तो उलटा वापरला. जुलैत तिघं पुन्हा वर्कहाउसमध्ये आले होते आणि महिनाअखेर मुलांना नॉरवुडच्या शाळेत हलवलं होतं, भेट होत नव्हती. तिने बाहेर पडण्याची सूचना दिली. झालं, अधिकाऱ्यांना मुलं आणून तिच्या हवाली करावी लागली. तिघांना वाफेत चुरगळलेले आपापले कपडे मिळाले आणि सकाळी तिघं फाटकाबाहेर.

सिडनीच्या रुमालाच्या गाठीत ९ पेन्स होते. म्हणजे सहा ब्लाउज. त्यातून अर्धा पौंड, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास, काळ्या चेरी घेतल्या आणि केनिंग्टन पार्कमध्ये बसून खाल्ल्या. सिडनीने वर्तमानपत्राचा बोळा करून त्याला सुतळी गुंडाळली, त्या चेंडूने तिघं झेलाझेली खेळले. दुपारी कॉफीच्या दुकानात २ पेन्सचा एक गोड पाव, एक धुरावलेली हेरिंग मासळी आणि अर्ध्या पेनीचे दोन कप चहा, तिघांत. मग परत पार्क. मुलं खेळली, ती बाकावर बसून विणत राहिली. संध्याकाळच्या चहाच्या वेळेला ती मुलांना घेऊन परत वर्कहाउसच्या दारात. पुन्हा अर्ज, पुन्हा आंघोळ, पुन्हा कपडे भट्टीत. अधिकारी चिडले, कारण सगळी कामं दुप्पट झाली.

ज्या बाईला महिनाभरात वेडी ठरवलं जाणार होतं तिची ही योजना आहे. नियम नीट वाचून, त्यातली फट शोधून, मुलांसोबतचा एक दिवस तिने मिळवला.

प्रश्न : बाप जिवंत आणि कमावता असताना कायदा काय करत होता? (वकील, नागपूर)

कायदा बापाच्या मागे होता, पण हॅनासाठी नव्हे, मंडळाचा खर्च वसूल करण्यासाठी. १८३४ च्या कायद्याप्रमाणे नवऱ्यावर बायकोच्या लग्नाआधीच्या मुलाचीही जबाबदारी येत होती, त्यामुळे सिडनीचा खर्चही त्याच्याकडेच. त्याने थकवलं आणि त्याच्यावर वॉरंट निघालं. वसूल झालेला पैसा गेला मंडळाच्या तिजोरीत. १८९५ च्या कायद्याने टाकलेल्या बायकोला आठवड्याला २ पौंडांपर्यंत पोटगी मागता येऊ लागली, पण बायकोचा व्यभिचार सिद्ध झाला तर सहसा दार बंद. व्हीलरच्या जन्मानंतर हॅनाला त्या वाटेने जाणं अवघडच होतं. बाप ९ मे १९०१ ला सेंट थॉमस रुग्णालयात दारूपायी वारला. वय ३८.

प्रश्न : तिला नेमका कोणता आजार होता? आनुवंशिक होता का? (एक वाचक, डोंबिवली)

निदानाचं एकच नाव देणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. कागदावर काय आहे ते सांगतो.

६ सप्टेंबर १८९८ ला ती वर्कहाउसमधून रुग्णालयात आणि तिथून १५ सप्टेंबरला केन हिलच्या मनोरुग्णालयात गेली. १२ नोव्हेंबरला, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, बरी म्हणून सुटली. मधल्या काळात मुलं बापाच्या घरी, २८७ केनिंग्टन रोडला. सुटल्यावर तिने लोणच्याच्या कारखान्यामागे मेथली स्ट्रीटला खोली घेतली. चार्ली ‘एट लँकशायर लॅड्स’ या नाचणाऱ्या पोरांच्या मेळ्यात लागला. त्याचं खाणं-राहणं मेळ्याकडे आणि आईला आठवड्याला अडीच शिलिंग, म्हणजे वीस ब्लाउज. सुटल्यावर साडेचार वर्षं ती घरी होती.

५ मे १९०३. सिडनी जहाजावर नोकरीला, घरी पैसे नाहीत, पॉनल टेरेसमधली पोटमाळ्याची खोली. चार्ली त्या दिवसांत एका मित्राच्या घरी जेवायचा, आईच त्याला तिकडे जा म्हणायची, कारण घरात काही नसायचं. एके दिवशी परत येताना गल्लीतल्या पोरांनी सांगितलं, तुझी आई दारोदार फिरून मुलांना वाढदिवसाची भेट म्हणून कोळशाचे खडे वाटत होती. चौदा वर्षांच्या चार्लीने तिला हाताला धरून रुग्णालयात नेलं. अशक्तपणाने तिचा तोल जात होता, रस्त्यातल्या लोकांना ती प्यालेली वाटली. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, उपासमार झाली आहे. पुढे भेटीला गेल्यावर ती त्याला म्हणाली, त्या दुपारी मला चहा मिळाला असता तर मी बरी असते. हे वाक्य चार्लीला आयुष्यभर डाचत राहिलं.

जानेवारी १९०४ मध्ये ती पुन्हा सुटली आणि मार्च १९०५ मध्ये पुन्हा दाखल झाली. तेव्हाच्या नोंदीत नाचणं, गाणं, रडणं आलटून पालटून चाललेलं आहे असं लिहिलं आहे. तिच्या आईला असाच आजार होता हे खरं, म्हणून आनुवंशिकतेची शंका रास्त आहे. पुढच्या काही अभ्यासकांनी सिफिलिसचा संशयही मांडला आहे. आम्हाला मात्र तारखांची रांग बोलकी वाटते. १८९८ ला वर्कहाउसमध्ये पोचल्यावर दीड महिन्यात, १९०३ ला घरात अन्न नसताना. दोन्ही वेळी आधी भूक आणि एकटेपण, मग झटका. आणि पहिल्या वेळी पुरेसं जेवण व विश्रांती मिळाल्यावर दोन महिन्यांत सुधारणा. आजार शरीरात असेलही, पण त्याला वर काढलं ते उपासमारीने, असं आमचं मत आहे.

प्रश्न : मुलगा जगप्रसिद्ध झाला आणि आई वेड्यांच्या इस्पितळात? चार्लीने तिला टाकलं होतं का? (एक वाचक, पणजी)

वर्षं जुळवून पाहिली तर उत्तर सरळ मिळत नाही, पण ‘टाकलं’ हे चूक आहे.

१९०५ मध्ये हॅना केन हिलला परत गेली तेव्हा चार्ली १६ चा होत होता, सिडनी २० चा. दोघं मिळेल ते नाटकाचं काम करत होते. १९१२ मध्ये ते भेटायला गेले तेव्हा तिला जाड गाद्यांच्या भिंती असलेल्या कोठडीत ठेवलं होतं आणि गार पाण्याच्या फवाऱ्याखाली धरल्याने तिचा चेहरा निळा पडला होता. मोठमोठ्याने भजनं म्हणते, ही तक्रार. दोघांनी तिला तिथून काढून पेकहॅम हाउस या खासगी रुग्णालयात हलवलं. खर्च आठवड्याला ३० शिलिंग. हे तिच्या मापाने २४० ब्लाउज, म्हणजे २४० तास. आठवड्यात तासच १६८ असतात. चार्ली तेव्हा दौऱ्यावरचा नट होता, पहिला चित्रपट १९१४ चा.

श्रीमंत तो १९१६ ला झाला, वर्षाला ६,७०,००० डॉलरचा करार. तिथपासून १९२१ पर्यंतची पाच वर्षं उरतात. १९१८ पर्यंत महायुद्ध, समुद्रात पाणबुड्या. अमेरिकेच्या १९१७ च्या कायद्याने मनोरुग्णांना प्रवेशबंदी. आणि १९१९ मध्ये जमवाजमव चालली असताना चार्लीने स्वतःच सिडनीला तार करून बेत थांबवला, आई इथे आली तर माझ्या कामावर परिणाम होईल म्हणून. हे लपवण्यात अर्थ नाही. तिला पाहिलं की त्याच्या डोळ्यांपुढे पॉनल टेरेस उभं राहत असणार.

मार्च १९२१ मध्ये ती तात्पुरत्या परवान्यावर कॅलिफोर्नियाला आली. समुद्राजवळ बंगला, घर सांभाळणारं जोडपं, एक प्रशिक्षित नर्स. साडेसात वर्षं ती तिथे राहिली. २८ ऑगस्ट १९२८ ला ग्लेनडेलच्या रुग्णालयात तिचं निधन झालं. हॉलिवूडच्या स्मशानभूमीत तिचं थडगं आहे.

प्रश्न : चार्ली अभिनय आईकडून शिकला म्हणतात. म्हणजे काय शिकला? (नाट्यविद्यार्थी, मुंबई)

बघायला शिकला. ती खिडकीत बसून खालच्या रस्त्यावरच्या माणसांची नक्कल करायची आणि त्यावरून गोष्ट रचायची. हा बघ, बुटांना पॉलिश नाही, पाय ओढत चाललाय, म्हणजे घरी भांडण होऊन न खाताच निघालाय, आता बेकरीत शिरेल. आणि दिवसभरात कळायचं की भांडण खरंच झालं होतं. बूट आणि चाल यांवरून माणूस ओळखायचा हे चार्लीच्या पुढच्या सगळ्या कामात दिसतं.

प्रश्न : मी लंडनला राहते. यातलं काय अजून पाहता येतं? आणि नोंदवह्या सामान्य माणसाला बघायला मिळतात का? (एक वाचक, क्रॉयडन)

पॉनल टेरेस पाडलं गेलं. ३९ मेथली स्ट्रीट आणि २८७ केनिंग्टन रोड या घरांवर पाट्या आहेत. लॅम्बेथ वर्कहाउसची रेन्फ्रू रोडवरची मुख्य इमारत अजून आहे आणि तिच्यात आज ‘सिनेमा म्युझियम’ आहे. आधी नाव नोंदवून जा, दाखवणारी माणसं जीव लावून दाखवतात. तिथून केनिंग्टन पार्क पायी जाण्यासारखं आहे.

नोंदवह्या क्लर्कनवेलच्या ‘लंडन आर्काइव्ह्ज’मध्ये मिळतात. बऱ्याच आता वंशावळीच्या संकेतस्थळावर पैसे भरून घरबसल्याही दिसतात. पहिल्यांदा शोधणारे बहुतेक एकाच ठिकाणी अडतात : दाखल-सुटकेची वही तारखेने लावलेली असते, नावाने नाही. म्हणून आधी धर्मनोंदीची वही काढा. ती आडनावाच्या अक्षरानुसार असते, तिथे तारीख सापडते. ती तारीख घेऊन मग दाखल वहीकडे जा. पत्त्यावरून पालकमंडळ कोणतं ते आधी ठरवा, कारण लॅम्बेथ आणि सदर्कची दफ्तरं वेगळी आणि हॅनवेल शाळेचं तिसरंच. वयात एक-दोन वर्षांचा फरक असला तर माणूस वेगळा समजू नका, वय तोंडी विचारून लिहिलेलं असतं. हॅना कुठे हॅना, कुठे हॅना हॅरिएट अशी येते. लिली हार्ली मात्र तिथे शोधू नका. मनोरुग्णालयातल्या रुग्णांच्या नोंदी साधारण १०० वर्षं बंद ठेवतात, तिच्या केन हिलच्या काळाला ती मुदत उलटून गेली आहे.